अनुराधापूरचे दार उघडे होते

बनसोडे सर,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बेंबळीला तुमच्याच अंगणात बसून मी तुमचे एक खोटे पुढे चालवले. ते खोटे तुम्ही बोलला होतात हेच मला तोवर ठाऊक नव्हते. त्रिशरण-पंचशील होऊन पाहुणे पंगतीला बसले होते. मी एका कडेला खुर्चीवर होतो. तुमच्या आई भिंतीला धरत धरत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"तुमीच न्हवं का बिराजदार सर? लेकासंगं लंकेला गेलताव ते?"

मी मान हलवली.

"लई वंगाळ झालं बगा ते. येवढं समिंदर वलांडून गेला माजा लेक, आन् बोधीच्या झाडापाशी गेल्यावर दार बंद! पुनव हुती म्हणं. गर्दीपायी आत सोडलंच न्हाई म्हणं. व्हय ना?"

सर, दार बंद नव्हते. त्या दिवशी पौर्णिमाही नव्हती. पांढऱ्या कपड्यांतली माणसे हातात कमळे घेऊन आत जात होती, बाहेर येत होती, आणि कुणी कुणाला अडवत नव्हते. हे तुम्हाला ठाऊक होते आणि मला ठाऊक होते. तुम्ही आत का गेला नाहीत, हेही आपल्या दोघांनाच ठाऊक होते. तुमच्या आईंनी ते माझ्याकडून पडताळून घ्यायला माझ्याकडे तोंड वर केले आणि मी म्हणालो, "हो, आई. गर्दी फार होती."

त्यांना नीट ऐकू आले नाही. त्यांनी कानामागे हात धरला. मग मी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो. एकदा खोटे बोललेला माणूस घाबरला होता असे म्हणता येते. दुसऱ्यांदा तेच बोलणाऱ्याला काय म्हणावे?

आता महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी तुमच्यावर लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. इतकी वर्षे एका विभागात काढली, तेव्हा ते दुसऱ्या कुणाकडे जाणारही नव्हते. तुमच्याविषयी छापलेले प्रत्येक अक्षर तुमची मैत्रेयी आजीला मोठ्याने वाचून दाखवते, असे वहिनींनी सांगितले. म्हणजे मी इथे जे लिहीन ते त्या अंगणात वाचले जाणार आहे. दार बंद होते असे लिहिले, तर ते खोटे छापील होईल. उघडे होते असे लिहिले, तर एका म्हाताऱ्या बाईला तिच्या लेकाविषयीची ही गोष्ट नातीच्या तोंडून, एका परक्या माणसाच्या लेखातून कळेल. तेव्हा अंक छापायला जाण्याआधी मला बेंबळीला जाऊन ते स्वतः सांगावे लागेल. हे कळत असूनही मी अजून गेलेलो नाही. गाडीची किल्ली हातात घेतो, पुन्हा खुंटीला लावतो, आणि इथे येऊन एक परिच्छेद लिहितो.

तुमचा भूगोल फळ्यावर कधी मावला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना दुष्काळ शिकवायचा म्हणजे माशाला पाणी शिकवण्यासारखे आहे, असे तुम्ही म्हणायचात, आणि मग स्वतःच हसायचात, कारण उपमा उलटी पडली होती. श्रीलंकेच्या कोरड्या भागातले गावतलाव पाहायला मुलांना न्यायचे, हे तुम्ही पहिल्यांदा बोललात तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ते थट्टेवारी नेले. ज्या पोरांनी सोलापूरच्या पुढचे स्टेशन पाहिले नाही, त्यांना विमानात बसवायचे? मीही म्हणालो होतो की तलावच पाहायचे तर आपल्याकडे काय कमी आहेत.

"जवळचं दाखवलं की पोरं म्हणतात, हे आमाला म्हाईत आहे," तुम्ही म्हणालात. "परक्या मुलखात नेलं की डोळे उघडे ठेवतात, बिराजदार सर. तिथं उघडलेले डोळे इकडं येईपर्यंत मिटत नाहीत."

पुढचे सगळे तुम्ही केलेत आणि मी तुमच्या मागून चाललो. पालकांच्या घरी जाणे हे त्यातले सर्वांत अवघड काम होते. तामलवाडीला रोहिणीच्या वडिलांनी आपल्याला ओट्यावर बसवून घेतले, पाणी दिले, चहा पाजला. शेवटी विचारले, "सर, लंका म्हंजी ती रावणाचीच न्हवं?"

"व्हय, तीच."

"मंग पोरीलाच न्यायाचं म्हणताव तिकडं?"

मी चपापलो. तुम्ही मात्र मांडीवर थाप मारून हसलात. "दादा, आता तिथं रावण न्हाई. भात हाय, नारळ हाय, आन् आमी दोघं संगं हाव."

तेही हसले. "दोघं हाव म्हणताव तर न्या. पर जशी न्हेली तशी आणून सोडा."

"दोघं हाव" या शब्दांवर त्यांनी मुलगी आपल्याबरोबर धाडली, सर. मला हे त्या वेळी जाणवले नाही. आता दुसरे काही जाणवत नाही.

माझा आवाज लहान आहे. वर्गात तिसऱ्या बाकापुढे तो पोचत नाही, हे मुलांना आणि मला मान्य झालेले आहे. तलावाच्या बांधावर, वाऱ्यात, तर माझे बोलणे माझ्या ओठांशीच विरत असे. तुम्ही पहिल्याच दिवशी त्यावर तोड काढलीत. मी बोलायचे आणि माझ्या शेजारी उभे राहून तुम्ही ते वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असे पुन्हा म्हणायचे. "बिराजदार सर म्हणतात, बांधाच्या खालच्या अंगाला ही झाडं मुद्दाम राखली आहेत. बिराजदार सर म्हणतात, गाळ वरच अडवण्यासाठी आधी गवताचा पट्टा आहे." तुम्ही माझ्या वाक्यात कधी स्वतःचे मिसळले नाहीत. चुकीचे असले तरी तसेच म्हणायचात आणि मग माझ्याकडे पाहायचात, म्हणजे ते दुरुस्त करायचे काम माझेच राही. इतका सन्मान मला कुणी दिला नाही. तो सन्मान होता हे समजायला मला तुमचे जाणे लागले, ही माझ्या बुद्धीची गत.

मुलांना मोजणे तुम्हाला मान्य नव्हते. आकडा जुळतो आणि पोर हरवलेले असते, असे तुमचे म्हणणे. प्रत्येकाला नावाने हाक मारायची आणि त्याने "ओ" द्यायची. "येस सर" चालणार नाही. बसमध्ये रोज सकाळी तुमची हाक आणि मागून एकेक "ओ" सुरू झाली की तिथला चालक आरशातून बघून हसायचा. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलेच. त्यांच्या भाषेत "ओव्" म्हणजे "होय". तुमची मुले काही विचारायच्या आधीच होय म्हणतात, हे त्याला फार आवडले होते.

"आमच्याकडं तसंच आहे," तुम्ही त्याला इंग्रजीत सांगितलेत. "होय आधी म्हणतात. काम नंतर राहतं."

त्या दिवशी बसमध्ये जो हशा उसळला तो आठवला की मला आजही बरे वाटते, आणि बरे वाटले म्हणून लगेच वाईट वाटते.

आता त्या बांधाविषयी. इथून पुढे मला हळू लिहावे लागणार आहे.

तो गाव आणि तो तलाव मुलांना नीट समजावा म्हणून आपण मुद्दाम तिथे मुक्काम केला होता. एका शेतकऱ्याने त्यांची जुनी रीत सांगितली. तलाव पुरता न भरलेल्या वर्षी सगळे शिवार भिजत नाही. तेव्हा पाण्याजवळची तेवढीच जमीन पिकवायची आणि त्या हंगामापुरती ती गावातल्या सगळ्या घरांनी वाटून घ्यायची. मालकी कुणाचीही असो. पाणी वाटता येत नाही म्हणून जमीन वाटायची. पुढच्या वर्षी पाऊस झाला की ज्याची त्याला परत. याला ते "बेत्मा" म्हणतात. आजकाल हे सगळीकडे पाळले जात नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

मुले वहीत उतरवून घेत होती. मी नेहमीच्या सावधपणे म्हणालो की अशी रीत त्या त्या समाजरचनेतून येते, ती उचलून दुसरीकडे लावता येत नाही. तुम्ही ते वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणालात. मग माझ्याकडे पाहिलेत. पण या वेळी थांबला नाहीत.

"सर, तुमच्या मुरूम गावातल्या विहिरीजवळची जमीन, एका दुष्काळापुरती, वाटून घ्याल का?"

मुले हसली. त्यात वाईट काही नव्हते. हा आपल्या दोघांतला जुनाच वाद होता. विभागात चहा पिताना तुम्ही तो कितीतरी वेळा काढला होतात. आमच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते, हे तुम्हाला ठाऊक होते. तुमच्या आजोबांचा तुकडा माळावर होता आणि विहिरीवरच्या पाण्याला त्यांना दुरून ओंजळ धरावी लागे, हे मला ठाऊक होते. चहाच्या टेबलावर मी अशा वेळी हसून विषय बदलत असे. बांधावर मुलांसमोर मला तो बदलता आला नाही. मी म्हणालो, "पाहू." रोहिणी मागून म्हणाली, "सर, 'पाहू' म्हंजी न्हाईच." पुन्हा हशा. तुम्हीही हसलात.

त्या हसण्याचे मी मनात काहीतरी करून ठेवले. नीट घडी घालून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण अनुराधापूरला पोचलो. कार्यक्रमात शहराजवळचे मोठे प्राचीन तलाव होते, झाड नव्हते. बसमधून उतरण्याआधी तुम्ही माझ्याजवळ आलात. इतक्या संकोचाने तुम्हाला बोलताना मी कधी पाहिले नव्हते. म्हणालात, "सर, दुपारपर्यंत पोरांकडे तुम्ही बघाल का? मी जरा झाडापाशी जाऊन येतो. आईनं सांगितलंय."

मला तुमच्या आईंची ती गोष्ट ठाऊक होती. गावाने धम्म स्वीकारला तेव्हा त्या परकरातली पोर होत्या. तेव्हा एका भिक्खूंनी सांगितले होते की बोधगयेच्या झाडाची एक फांदी राजाच्या लेकीने समुद्रापार नेली, आणि इकडचे मूळ झाड गेले तरी तिकडचे अजून जिवंत आहे. सगळा जन्म त्यांनी ते झाड डोक्यात वागवले. तुम्ही ते मला कितीदा सांगितले होतेत. हे सगळे ठाऊक असताना मी म्हणालो,

"अभ्यासक्रमात दर्शन बसत नाही, सर. मुलांपुढे आपण काय उदाहरण ठेवतो आहोत याचाही विचार व्हावा. नाहीतर उद्या लोक म्हणतील, हा देश बनसोडे सरांनी तलावांसाठी निवडला की झाडासाठी."

मी ते नेहमीसारखे हळूच म्हणालो. हळू बोलणाऱ्या माणसाची ही एक सोय असते: त्याचे विष दुसऱ्या रांगेत ऐकू जात नाही. आणि माझे तेवढे एक वाक्य तुम्ही पुन्हा मोठ्याने म्हणाला नाहीत.

"दर्शन नव्हे, सर," तुम्ही म्हणालात. "वंदना." आणि जागेवर जाऊन बसलात.

शब्दाची तेवढी एक दुरुस्ती. बाकी सगळे तुम्ही जसेच्या तसे राहू दिलेत. आपण दोघेही शिक्षक; चुकीचा शब्द तुम्हाला सोडवला नाही, आणि चुकीचा माणूस मात्र सोडवला.

पुढे जे झाले त्यावर मला हसताही येत नाही. तलाव पाहून परतताना मुलांनीच हट्ट धरला, की जगात इतके प्रसिद्ध झाड आहे, जाता जाता तरी बघू. बस तिथे थांबली. रोहिणीला बस लागली होती. लिंबू चोखून ती एव्हाना सावरली होती आणि चपला काढून उतरायलाही निघाली होती. तुम्ही तिला म्हणालात, "तू बस, बाई. मी थांबतो तुझ्यापाशी." मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, "तुम्ही न्या सर पोरांना."

आणि मी नेले, सर. दर्शनाला अभ्यासक्रमात जागा नाही म्हणणारा मी, तापलेल्या फरशीवर अनवाणी, मुलांच्या पुढे चालत आत गेलो. समोर एक मोठे पिंपळाचे झाड होते, जाड बुंध्याचे, ऐसपैस. आपल्याकडे जुने झाड म्हणजे दोघांच्या कवेत न मावणारे. मी त्याच्याकडे हात केला आणि म्हणालो, हेच ते. मुलांनी फोटो काढले. मी मुले मोजत होतो. हो, मोजत होतो. नावाने हाक मारायला तुमचा आवाज नव्हता. आम्ही लवकर बाहेर आलो. बसमध्ये तुम्ही खिडकीला टेकून बसला होतात. मुलांनी विचारले, "सर, तुमी का न्हाई आलाव?" तुम्ही म्हणालात, "हिला सोडून कसं येऊ? तुम्ही बघितलं ना, झालं."

परत आल्यावर मी वाट पाहिली. तुम्ही कधीतरी रागवाल, निदान चहाच्या टेबलावर एखादा टोला हाणाल, म्हणजे मला क्षमा मागायला जागा होईल, असे मला वाटत होते. माझी क्षमादेखील तुम्ही आधी सुरुवात करण्यावर अवलंबून होती. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त एकदा पुढच्या वर्षीचा आराखडा करताना म्हणालात, "दौरा संपला की मुलं तुमच्याबरोबर परत पाठवीन. मी माझ्या रजेवर दोन दिवस मागं राहीन." मी म्हणालो, "हो, हो, अवश्य." एवढ्या तत्परतेने, की जणू परवानगी मीच देत होतो.

त्या दोन दिवसांना आता कुठे ठेवू? तुमची छाती दुखायला लागली तेव्हा तुम्ही बेंबळीहून महाविद्यालयाकडे निघाला होतात. रस्त्याच्या कडेला गाडी नीट लावलीत, असे सांगतात. त्याहून जास्त मला कुणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

काल या लेखासोबत द्यायची छायाचित्रे निवडत होतो. रोहिणी मदतीला आली होती. झाडाचा फोटो हातात धरून ती म्हणाली, "सर, राग न्हाई ना येणार? हे ते झाड न्हवं. मी नंतर वाचलं. खरं झाड वरच्या कट्ट्यावर आहे, बारीक आहे, सोनेरी टेकू लावलेत त्याला. हे त्याच्या भोवतीचं दुसरंच."

म्हणजे मी तुम्हाला जिथे जाऊ दिले नाही तिथे मीही गेलो नव्हतो. जाड बुंधा पाहिला आणि मान खाली घातली. रोहिणी माझ्या चेहऱ्याकडे पाहून घाबरली. म्हणाली, "सर, औंदाच्या पोरांना नीट दाखवू की आपण." औंदाची पोरे! प्राचार्यांनी तीनदा विचारले आहे की या हिवाळ्यातल्या दौऱ्याचे काय, आणि तिन्ही वेळा मी म्हणालो आहे, पाहू. मला ते जमणार नाही, सर. कुणाच्या ओट्यावर बसून मी "दोघं हाव" म्हणू? माझे वाक्य बांधावर कोण पुन्हा म्हणेल? तुम्ही गेल्यापासून वर्गात मागची मुले "आवाज, सर" म्हणतात आणि माझ्या घशातून जे आहे तेही निघत नाही. मला तुमची क्षमा नको आहे. मला तुमचा राग हवा होता. त्याऐवजी तुम्ही स्वतःच्या आईपुढे एक दार बंद केलेत, त्यावर पौर्णिमेची गर्दी उभी केलीत, आणि मला त्या गर्दीआड लपवलेत. हे मी कसे सोसावे, एवढे तरी सांगून जायचे होतेत.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. त्यानंतर बेंबळीला जाऊन आलो. जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

तुमच्या आई अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होत्या. मैत्रेयी जवळ अभ्यास करत होती. मला पाहून वहिनींनी पाणी आणले. मी म्हणालो, "आई, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. दार बंद नव्हतं."

"आं?"

"दार बंद नव्हतं, आई."

"मोट्यानं बोला, बाबा. ऐकू येईना मला."

मैत्रेयी म्हणाली, "काका, मी सांगू का तिला?" तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की तिने ऐकले होते. मी नको म्हणालो. मग मी उभा राहिलो आणि ओरडून सांगितले. शेजारच्या अंगणातल्या बाया वळून पाहू लागल्या. दार उघडं होतं. पौर्णिमा नव्हती. सर जाऊ का म्हणून मला विचारायला आले होते आणि मी त्यांना लागेल असं बोललो. म्हणून ते बसमध्ये बसून राहिले. तुम्हाला वाईट वाटू नये आणि मला बोल लागू नये, म्हणून त्यांनी दार बंद होतं असं सांगितलं. हे सगळे मी मोठ्याने म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माझे बोलणे मागच्या बाकापर्यंत गेले.

वहिनी पदर तोंडाशी धरून आत गेल्या. तुमच्या आईंचे हात सुपावर थांबले. त्या रागावल्या असत्या तर मी त्यांच्या पायाशी बसलो असतो. त्यांनी माझ्याकडे तोंड वर केले.

"तुमी गेलताव का आत?"

"हो, आई."

"कसं हाय झाड?"

सर, या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. जाड बुंधा, ऐसपैस, असे माझ्या जिभेवर आले होते. एक खोटे फेडायला आलो होतो आणि दुसरे तयार होते.

"मी पाहिलं नाही, आई. मी दुसरंच झाड बघून आलो. पोरं मोजत होतो. खरं झाड वर होतं, मी वर बघितलंच नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवले. "मंग दोघंबी जाऊन तसंच आलाव म्हणा की."

मी मान हलवली.

"आन् येवढ्या पोरांत दोघंच मास्तर हुताव?"

"हो, दोघेच."

"मंग एकानं पोरं बगायाची, एकानं झाड बगायाचं. त्यो आला की दुसऱ्यानं जायाचं. अदलाबदल करायाची." त्यांचा आवाज एकदम चढला, आणि मला वाटते तो माझ्यावर नव्हता, आपल्या दोघांवर होता, घरात भांडून बसलेल्या दोन पोरांवर चढतो तसा. "येवडं बी कळलं न्हाई व्हय रं तुमाला? शिकलेली मानसं तुमी!"

"नाही कळलं, आई."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग विचारले, "औंदा न्येताव का पोरं?"

मी पाहू म्हणणार होतो. मैत्रेयी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "नेतो."

"मंग नीट बगून या. आन् हितं येऊन मला सांगा."

परतताना वाटेत गाडी थांबवून मी प्राचार्यांना फोन केला आणि होकार दिला. त्यांनी विचारले, सोबत दुसरे शिक्षक कोण घेणार? मी म्हणालो, ठरवून सांगतो. सोबतीला कुणीतरी मिळेल, सर. दोन शिक्षकांची अट पुरी होईल, मुले जातील, तलाव पाहतील, रोहिणीच्या पाठीवरची धाकटी बहीणही या वेळी येणार आहे. नव्या माणसाकडे मुले सोपवून मी वरच्या कट्ट्यापर्यंत जाईन, टेकूंवर रेललेले ते बारीक झाड मान वर करून पाहीन, आणि पाहून खाली येईन. मग जायची पाळी तुमची असेल. त्या वेळी मी अदलाबदल कुणाशी करू?